सुलक्षणा मॅडमचा तास

शिरूर, ११ मे २०२५

दादा, जय भीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून मी पोस्टात गेले. पाकीट आणि तिकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंना वाटलं, कोर्टाची नोटीस असणार. भावाला पत्र लिहितेय म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. तुझ्या गुजरातेतल्या साणंदच्या कंपनीचा पत्ता आईकडून काढला. तिला तू फोन करतोस, हे मला कळत नाही असं तुम्हा दोघांना वाटतं. तुझा फोन आला की ती भाजी निवडायच्या निमित्तानं ओट्यावर जाऊन बसते. आमच्याकडे भाजी फार निवडली जाते हल्ली.

तू जाताना म्हणाला होतास, "मास्तरकीचंच वेड असंल तर मला दादा म्हनू नको." मी बी.एड. पूर्ण केलं आणि तुला दादाही म्हणते. दोन्ही चालू ठेवलंय, तुला राग यायचा तो येऊ दे.

तुझं काय झालं ते मी विसरलेले नाही. बिनपगारी शाळेत तू गणित शिकवत राहिलास. आज अनुदान येईल, उद्या येईल, या आशेवर तुझी उमेदीची वर्षं गेली. अनुदान आलं तेव्हा तुझ्या जागी अध्यक्षांच्या भाच्याचं नाव निघालं. तू त्या दिवशी घरी येऊन जेवलास, भांडीही घासलीस, आणि मग आमच्याशी बोलणं कमी कमी करत गेलास. मला तुझ्यामुळेच गणित आलं, हे तुला आवडो न आवडो.

आता ऐक. मला मुलाखतीला बोलावलंय. सरकारच्या परीक्षेत मला चांगले मार्क पडले, पोर्टलवरून एका जागेला तीन नावं गेली, त्यात माझं आहे. आता संस्था तिघांचा एकेक पाठ घेणार आणि त्यावरून एकाला निवडणार. शाळा दौंडकडची आहे. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर तू लगेच कुणाची संस्था, कुणाचा माणूस, सुरू करशील. हायस्कूल आहे, अनुदानित आहे, नववी-दहावीच्या गणिताची जागा आहे. मला एवढं पुरे.

दादा, पुढच्या भरतीला मी वयात बसत नाही. ही शेवटचीच. घरच्या ओसरीत पोरांच्या शिकवण्या घेते, पोरं हुशार निघतात, पेढे शाळेच्या सरांना जातात. मला शिक्षण खात्याच्या मान्यतेच्या कागदावर माझं नाव बघायचंय, त्याच्यापुढे सहशिक्षिका, गणित. बाकी काही मागत नाही. लग्नाचं तर तुम्ही सगळ्यांनी विचारणंच सोडलंय, ते एक बरं झालं.

गंमत म्हणजे तिघांतली एक सुलक्षणा आहे. माझी बी.एड.ची जोडीदारीण. ती आपल्या घरी आली होती एकदा, आईनं केलेलं बोंबलाचं कालवण चोरून खाऊन गेली, घरी माळकरी सासू म्हणून. तुला आठवत असेल. आम्हा दोघींना सरावाचे पाठ एकाच वर्गावर असायचे. एकीनं शिकवायचं, दुसरीनं मागच्या बाकावर बसायचं. पाठ बघायला आमचे सर येत. पाठ अडला, तर मागे बसलेलीनं पोराच्या आवाजात एक प्रश्न विचारायचा, असा आमचा ठराव होता. त्या प्रश्नाचा धागा धरून पुढचीनं बाहेर पडायचं. आम्ही त्याला पेरलेला प्रश्न म्हणायचो. सरांना सगळं कळायचं, पण ते हसून सोडून द्यायचे.

तुला हे आवडणार नाही. तरी कळवलं.

करुणा


शिरूर, २७ मे २०२५

दादा,

निकाल लागला. माझा नाही.

तू "बघ, मी म्हणालो होतो" असं म्हणशील. म्हण. पण झालं ते तुला वाटतं तसं झालेलं नाही, म्हणून लिहिते.

सुट्टी असल्यामुळे शाळेत पोरं नव्हती. पाठ घ्यायचा तर समोर वर्ग हवा. संस्थेचे सचिव बापूसाहेब म्हणाले, "तुमीच बसा की एकमेकांच्या पाठाला पोरं म्हनून." तिसरा उमेदवार आलाच नव्हता. मग बाकांवर क्लार्क, शिपाई, ग्रंथपाल आणि उरलेली उमेदवार, असा आमचा नववीचा वर्ग. समोर टेबलाला बापूसाहेब, मुख्याध्यापक सर्जेराव सर आणि बाहेरून आलेले एक गणिताचे प्राध्यापक.

पहिला नंबर सुलक्षणाचा. विषय होता, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते, ते सिद्ध करा. दादा, हे तू मला सातवीत असताना पाटीवर शिकवलेलं. तिनं त्रिकोण काढला. वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली. आणि थांबली. बी.एड. झाल्यापासून तिची पुस्तकं माळ्यावर होती, हे तिनंच मला सकाळी सांगितलं होतं. ती फळ्याकडे तोंड करून उभी. पाठीमागून पदर ओढला, परत नीट केला, परत ओढला. प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं.

आणि माझा हात वर गेला.

मी ठरवलं नव्हतं. तुला शपथेवर सांगते. मी मागच्या बाकावर होते, पुढे सुलक्षणा अडली होती, हाताला एवढंच कळलं. मी पोराच्या आवाजात म्हटलं, "मॅडम, वरचा हा कोन आणि खालचा हा कोन सारखेच दिसतात की. का बरं?"

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. "शाब्बास! कोण सांगेल? रेषा समांतर आहेत ना, मग हे कोण झाले? व्युत्क्रम कोन." आणि पुढे तिनं धडाधड सगळं सांगितलं. छान सांगितलं, खोटं कशाला बोलू. प्राध्यापक म्हणाले, विद्यार्थ्यांना बोलतं करण्याची हातोटी आहे. बापूसाहेबांनी मान डोलावली.

मग मी. मी चांगला पाठ घेतला. तुझ्यासारखाच, घाई न करता. मला मदतीची गरज पडली नाही. सुलक्षणा मागच्या बाकावर खाली मान घालून बसली होती, ती शेवटपर्यंत तशीच. क्लार्कना झोप येत होती. मी एकदा वर्गाला प्रश्न विचारला, तेव्हा कुणीच उत्तर दिलं नाही. शेवटी मीच दिलं. प्राध्यापक म्हणाले, विषयाचं ज्ञान उत्तम, पण वर्गाचा प्रतिसाद कमी.

वर्ग कोण, प्रतिसाद कोण देणार होतं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

बाहेर सर्जेराव सरांनी कुणाला तरी सांगितलं, ते माझ्या कानावर आलं. सुलक्षणा ही बापूसाहेबांच्या मेव्हण्याची सून. म्हणजे माझा हात खाली राहिला असता तरी निकाल तोच लागला असता, असं आई म्हणते. मला ते पटत नाही. प्राध्यापक बाहेरचे होते, ते अडलेल्या बाईला मार्क देणार नव्हते. माझी जागा मी स्वतः हात वर करून दिली.

सुलक्षणाचा फोन आला नाही. मीही केला नाही.

करुणा


शिरूर, २० जुलै २०२५

दादा,

बातमी अशी, की मी शिकवते आहे. त्याच शाळेत. दहावीला.

कसं काय, ते सविस्तर मग लिहीन. आईनं सगळ्या आळीत सांगून टाकलंय. पेढे वाटले. चव्हाट्यावरचा तो सायकलवाला, ज्याच्या पोराला मी फुकट शिकवायचे, तो म्हणाला, "आता मॅडम झाल्या, आता काय आमच्याकडं बघनार!" मी हसले.

सकाळची न्हावऱ्याची गाडी धरते, चौफुल्याला उतरते, तिथून जीप. उसाचे फड बघत जायचं. मला आठवड्यातले सगळे दिवस तास आहेत. आधी दोनच दिवस ठरले होते, पण पोरं फार मागे होती. भूमिती तर कुणी हात लावलेली दिसत नव्हती. एका पोराला मी विचारलं, वर्तुळाचा व्यास म्हणजे काय, तर म्हणाला, "मॅडम, त्यो सोप्पाय, म्हनून कुनी शिकवलाच न्हाई." आता तोच पोरगा फळ्यावर येऊन सिद्धता लिहितो. प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहायचं, कारण नसेल तर पायरी नाही, हे मी त्यांच्या डोक्यात बसवलंय. तू माझ्या डोक्यात बसवलंस तसं.

पगाराचं विचारू नकोस. मस्टरचं काय ते सर्जेराव सर बघतात.

मी खरंच खूश आहे दादा. खडूची पूड हातावर असते, घरी आल्यावर लगेच धुवावीशी वाटत नाही.

तू लिहीत नाहीस. आई म्हणते, "वाचतोय त्यो, लिवंल कवातरी."

करुणा


शिरूर, १२ ऑक्टोबर २०२५

दादा,

मागच्या पत्रात मी अर्धं लिहिलं होतं. उरलेलं आता लिहिते. आईला कळलं, म्हणजे तुला कळणारच, तर माझ्याकडून कळलेलं बरं.

शाळेत माझी नेमणूक नाही. मी सुलक्षणाच्या जागी शिकवते.

शाळा सुरू झाल्यावर ती आपल्या घरी आली होती, आई नसताना. दारातच रडायला लागली. म्हणाली, "करुणा, नववीचं मी ओढून नेते, पण दहावीला माझं काही चालत नाही गं. पोरं प्रश्न विचारतात, मी उद्या सांगते म्हणते. पोरांचं वाटोळं होतंय माझ्यामुळं." मी तिला पाणी दिलं. तेव्हा ठरलं, आठवड्यातून दोन दिवस मी जायचं. गाडीभाडं आणि वर थोडं ती देणार.

पुढे तिला दिवस गेले. याआधी दोनदा राहिलेलं पडलंय. डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. रजा घ्यायची तर तिच्या मान्यतेचा प्रस्ताव शिक्षण खात्यात पडलेला. त्यात रजा दिसली की कुणीतरी त्रुटी काढणार, फाईल परत येणार, असं बापूसाहेबांच्या डोक्यात बसलं. मग त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"बसा बाई. आता रोज येत जा. तास सुलक्षणाचा, शिकवायचं तुमी. मस्टर घरी जाऊन सही हुईल. पुढच्या साली आमचं दुसरं गणिताचं मास्तर रिटायर व्हत्यात. ती जागा तुमची. शब्द हाय माजा."

मी म्हटलं, "साहेब, पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही."

"त्ये आपन बघू की. वय काय, कागदावरचं असतं."

मी उठून यायला हवं होतं. तू असतास तर उठला असतास. मला त्या क्षणी फक्त एवढंच ऐकू आलं, की रोज येत जा.

आता आईचं. ती मागच्या शुक्रवारी मला न सांगता शाळेत आली. डबा घेऊन. मी सकाळी तसाच विसरले होते. इतक्या लांब, गाड्या बदलत, नवं लुगडं नेसून. लेकीची शाळा बघायची होती तिला. गेटवर शिपायाला म्हणाली, "करुना मॅडमला बोलवा, मी त्यांची आई."

शिपाई म्हणाला, "या शाळंत करुना मॅडम कुनी न्हाईत, मावशी."

"आवं, गनिताच्या."

"गनिताच्या सुलक्षणा मॅडम हायेत. त्या वर्गावर हायेत."

हे सगळं मी व्हरांड्यातून बघितलं. शिपाई मला रोज चहा आणून देतो, त्याला मी चांगली माहीत आहे. पण गेटवर कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे त्याला पढवलेलं होतं. मी पळत गेले. आईनं डबा माझ्या हातात दिला आणि तिथंच गेटबाहेरच्या दगडावर बसून राहिली, तास संपेपर्यंत. आत ये म्हटलं तर आली नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. न्हावरं गेल्यावर बोलली. "तुज्या सम्राटदादाचं नाव हुतं, त्ये खोडलं. तुजं तर लिवलंच न्हाई."

मी रिकामा डबा पिशवीत घातला.

आळीत ती कुणाला काही सांगत नाही. पेढे वाटले होते ना.

दादा, तू सोडून गेलास त्याचा मला राग होता. अजून आहे. पण गेटवर आईला बघितलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, तू लांब गेलास तेच बरं केलंस. हे लिहून झाल्यावर खोडावं असं वाटलं. राहू दे.

करुणा


शिरूर, ३ जानेवारी २०२६

दादा,

एक तारखेला कोरेगावला गेले होते. आई, मी आणि आळीतल्या चार-पाच बायका. तू दरवर्षी सुट्टी काढून येतोस असं आई म्हणाली, म्हणून मी विजयस्तंभाशी मानवंदना देऊन झाल्यावरही रांगेच्या कडेला खूप वेळ उभी राहिले. निळ्या टोप्यांमध्ये दोनदा तू दिसलास असं वाटलं. एकाला तर मी हाकही मारली. तो नांदेडचा निघाला. त्यानं मला "ताई, कोणी हरवलंय का?" म्हणून विचारलं, पाण्याची बाटली दिली. मी नाही म्हटलं.

सुलक्षणाला आठवा लागलाय. मी परवा भेटून आले. तिच्या घरी मी पहिल्यांदाच गेले. सासूबाईंनी, साळूबाईंनी, चहा दिला, चांगल्या बोलल्या. कप तेवढा वेगळा होता. सुलक्षणानं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मीही चहा पिऊन टाकला. थंडी होती.

ती म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या पाठाला मी एक तरी प्रश्न विचारायला हवा होता गं. तोंडच उघडलं नाही माझं. वाटलं, मी विचारलं आणि तुझा पाठ रंगला तर माझं जाईल." मी म्हटलं, "झोप आता." मला तिचा राग करता येत नाही, ही माझी अडचण आहे. कुणाचा तरी धड राग करता आला असता तर मी हे कधीच सोडून दिलं असतं.

पोरांना सगळं माहीत आहे. पोरांपासून काय लपतं? त्यांनी मला सहामाहीनंतर सरळ विचारलं, मॅडम, तुमचं खरं नाव काय. मी सांगितलं. मग ती मला करुणा मॅडम म्हणायला लागली, वर्गाचं दार लावलेलं असलं की. दार उघडं असलं की नुसतं मॅडम. हे मी त्यांना शिकवलेलं नाही.

सराव परीक्षेत सगळे पास झाले. तुला सांगावंसं वाटलं.

मे महिन्यात दुसरे सर निवृत्त होतील. बापूसाहेब अधूनमधून दिसतात, "ध्यानात हाय बाई" म्हणतात. मी त्यावर विश्वास ठेवते असं नाही. पण सकाळी गाडी धरताना ठेवावा लागतो.

करुणा


शिरूर, १६ जानेवारी २०२६

दादा,

काल जे झालं ते मी आईला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तिसरा तास होता. मी दहावीची उजळणी घेत होते. अर्धवर्तुळात काढलेला कोन काटकोन असतो, ते. पोरांनीच फळ्यावर लिहायचं आणि मी मागच्या बाकावर बसायचं, असं मी हल्ली करते. वर्गातली वैष्णवी फळ्याशी होती. साखर कारखान्यावरच्या ड्रायव्हरची मुलगी, अक्षर असं की छापलेलं वाटावं. ती दुसऱ्या पायरीवर असताना दार उघडलं. सर्जेराव सर आणि त्यांच्यामागे शिक्षण खात्याचे एक अधिकारी. न कळवता आलेले.

मी उठले. सर्जेराव सरांनी माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सांगितलं, "साहेब, या आमच्या गणिताच्या सुलक्षणा मॅडम."

अधिकारी भले माणूस होते, दादा. ते खडूस असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नमस्कार केला, म्हणाले, "तुमचं चालू द्या मॅडम, मी मागे बसतो." आणि खरंच माझ्या बाकावर जाऊन बसले.

मी त्या वेळी बोलू शकले असते. साहेब, माझं नाव करुणा, एवढंच. सुलक्षणाची फाईल गेली असती, तिला आठवा चालू आहे, तिचं काय झालं असतं कोण जाणे. शाळेवर कारवाई झाली असती. माझी मे महिन्याची जागा तर गेलीच असती, आणि मी दुसऱ्याच्या नावानं इतके महिने उभी राहिले म्हणून मीही अडकले असते. हे सगळं मी नंतर, गाडीत बसल्यावर, एकामागून एक मांडलं. त्या वेळी डोक्यात यातलं काही नव्हतं. त्या वेळी मला फक्त पाठ पुरा करायचा होता. समोर वर्ग होता, मागे कुणीतरी बघायला बसलं होतं, आणि मला तो पाठ घ्यायचा होता, बस्स.

मी घेतला. वैष्णवीनं सिद्धता पूर्ण केली. मी विचारलं, व्यासाऐवजी लहान जीवा घेतली तर कोन काटकोनच राहील का? तर मागच्या पोरानं उठून सांगितलं, मोठ्या कंसावरून बघितलं तर कमी होईल, छोट्या कंसावरून बघितलं तर वाढेल. का? कारण सांग. त्यानं कारण सांगितलं. दुसऱ्यानं त्यात भर घातली. वर्गातले हात खाली येईनात. साहेब पुढे वाकून बसले होते. मे महिन्यात क्लार्कसमोर मी जो पाठ घेतला, तो असा व्हायला हवा होता.

तास संपत आला तसे साहेब उभे राहिले. म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी असा पाठ बघितला. मॅडम, तुमच्या मान्यतेचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर आहे. काही काळजी करू नका, या आठवड्यात सही होईल." सर्जेराव सरांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

मी थँक्यू सर म्हणाले.

मग ते कौतुकानं पोरांकडे वळले. पोरांशी दोन शब्द बोलावे, तेवढंच. वैष्णवी अजून फळ्याजवळच उभी होती, तिला म्हणाले, "फार छान लिहिलंस बाळ. कुणी शिकवलं? काय नाव तुमच्या मॅडमचं?"

वैष्णवीनं माझ्याकडे बघितलं.

दार उघडं होतं. पण ती दाराकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी जे सांगेन ते ती बोलली असती. माझं नाव सांग असं मी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं असतं तरी तिनं ते खणखणीत आवाजात सांगितलं असतं, इतकी ती माझी झालेली आहे. मी डस्टर उचललं आणि फळा पुसायला वळले.

मागून तिचा आवाज आला. "सुलक्षणा मॅडम."

एरवी कुणी चुकीचं उत्तर दिलं की हा वर्ग गप्प बसत नाही. न्हाई मॅडम, न्हाई मॅडम, करत सगळे ओरडतात, मला दटावावं लागतं. काल एकही पोर ओरडलं नाही. सगळी पुढं बघत बसली होती, शहाण्यासारखी. दादा, माझ्याकडून ती एवढ्या महिन्यांत काय काय शिकली, ते मला तेव्हा कळलं.

साहेब गेले. घंटा झाली. मी व्हरांड्यात आले तर वैष्णवी मागोमाग आली. तिच्या हाताला खडू होता, तो ती ओढणीला पुसत होती. घाबरलेली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं,

"मॅडम, बरोबर सांगितलं ना मी?"

मी म्हटलं, "बरोबर."

करुणा